चारशे बारा वेलींची तहान

वाइनच्या द्राक्षवेलीला मुद्दाम तहानलेलं ठेवावं लागतं, हे काटेकोरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना ते सांगणाऱ्या मुलीचा रागच आला. मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची. डोक्यावर टोपी, बुटांना चिखल, आणि बोलणं असं ठाम की समोरचा जणू तिसरीत नापास झालाय. वायनरीने तिला वेली तपासायला नेमलं होतं, म्हणून सगळी गल्ली तिला डॉक्टरीण म्हणायची. काटेकोर तिला मनातल्या मनात 'कालची पोर' म्हणत आणि तोंडावर 'मॅडम' म्हणत, कारण कुणाला तोंडावर काय म्हणायचं हे एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

काटेकोर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. भाजीवाल्यांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं, दूधवाल्यांचे लिटर हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घरात चहाचं आधण ते काचेच्या मोजपात्रानेच ओतायचे. बायकोने कधीच हात टेकले होते. ती म्हणायची, लग्नात यांनी हारसुद्धा मोजून घातला असता, पण त्या दिवशी पट्टी घरी राहिली होती.

तर या काटेकोरांच्या अंगावर थोरल्या भावाची द्राक्षबाग येऊन पडली. बाग म्हणजे काय, दादांच्या घरामागच्या उतारावर चौदा रांगा. दादा नेहमी म्हणायचे, चारशे वेली आहेत. काटेकोरांनी मोजल्या तर चारशे बारा भरल्या. बारा वेलींची ढिलाई दादांनी अठरा वर्षं कशी खपवून घेतली, हे त्यांना समजेना. पण विचारणार कुणाला? यंदाची छाटणी करून दादा इस्पितळात गेले, ते तीन आठवड्यांनी गेलेच. वेलींना डोळे फुटलेले त्यांनी पाहिले नाहीत.

आता वहिनींचं काय, हा खरा प्रश्न होता. त्यांची मुलगी मोठ्या शहरात सहाव्या मजल्यावर राहते. आईसाठी तिने खोली रिकामी करून ठेवली होती, पडदेसुद्धा लावून झाले होते. वहिनींचं म्हणणं एकच: वेली आहेत तोवर मी इथे. आणि वेली राहणार की नाही, हे वायनरीच्या हातात. कारण ही द्राक्षं खायची नव्हेत. दाणा वाटाण्याएवढा, साल जाड, आत बियाच बिया. वायनरीने नाही म्हटलं तर ती चिमण्यासुद्धा नाखुशीनेच खातील. वायनरीचा करार दरवर्षी नवा व्हायचा आणि यंदा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की शेतकरी गेला, आता बाग कोण सांभाळतं ते बघू. काढणीच्या दिवशी रसातली साखर बावीस अंश भरली तर करार पुढे. नाहीतर रांगा उपटा आणि जागा मोकळी करा.

"भावजी, एवढा हंगाम तेवढा निभावून द्या," वहिनी म्हणाल्या होत्या. वहिनींनी चाळीस वर्षांत काटेकोरांकडे काही मागितलेलं नव्हतं. काटेकोरांनी त्याच दिवशी नवी टोपी घेतली.

आता सरळ मार्गाने चालायचं तर आधी माती तपासायला हवी. माती परीक्षण प्रयोगशाळा म्हणजे जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. एका खोलीत यंत्र, दुसऱ्या खोलीत कारकून, आणि यंत्रापेक्षा कारकून जास्त वेळ बंद. पहिल्या दिवशी काटेकोर बिस्किटांच्या डब्यात माती घेऊन गेले. कारकुनाने डबा उघडून बघितलासुद्धा नाही. एका जागची माती चालत नाही, आठ ठिकाणची घ्या, मिसळा, वाळवा, अर्धा किलो आणा, असं त्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून सांगितलं. काटेकोरांना खरं तर आनंद झाला. नियम असलेलं ऑफिस त्यांना आवडतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेमकी पाचशे ग्रॅम माती नेली आणि कारकुनाला सांगितलं की हवं तर वजन करून बघा, एक ग्रॅम इकडेतिकडे निघणार नाही. कारकुनाने वजन केलं नाही. काटेकोरांना ते लागलं.

खरी अडचण अर्जात होती. 'शेतमालकाची सही' असा रकाना. मालक हयात नाहीत, हे लिहायला जागाच नव्हती. कारकून म्हणाला, मग मालकांना घेऊन या. काटेकोरांनी पुन्हा समजावलं. कारकुनाने थोडा विचार करून सांगितलं की ठीक आहे, अर्ज त्यांच्याच नावाने राहू द्या, खाली तुमची सही करा आणि नातं लिहा. काटेकोरांनी लिहिलं, 'धाकटा भाऊ'. हे दोन शब्द लिहायला त्यांना जरा वेळ लागला. मागच्या माणसाने रांगेतून विचारलं, पेन चालत नाही का.

पुढचा रकाना पिकाचा. तिथे छापलेलं होतं: खाण्याची द्राक्षे, बेदाण्याची द्राक्षे, इतर. काटेकोरांनी प्रामाणिकपणे 'इतर'वर खूण केली. कारकून म्हणाला, 'इतर'चा अहवाल निघत नाही, यंत्रात तो पर्यायच नाही, आणि त्यांच्या देखत ती खूण खोडून 'खाण्याची द्राक्षे'वर केली. काटेकोरांनी हरकत घेतली. कारकून म्हणाला, द्राक्ष ते द्राक्ष. मागचा माणूस म्हणाला, अहो आटपा. आणि ज्या माणसाने आयुष्यभर एका ग्रॅमसाठी लोकांची दुकानं बंद केली, तो तिथून निमूट बाहेर पडला. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात ही.

अहवाल पंधरा दिवसांनी टपालाने आला. दादांच्या नावाने. 'महोदय, आपल्या जमिनीत नत्र मध्यम आहे, आपण खालीलप्रमाणे खते द्यावीत, आपल्या भरघोस पिकासाठी शुभेच्छा.' वहिनींनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि काटेकोरांच्या हातात दिलं. मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या. भांडी सकाळीच घासून झाली होती.

अहवालातला खताचा डोस अर्थात खाण्याच्या द्राक्षांचा होता. त्या वेलींना पोसायचं असतं. दाणा फुगला पाहिजे, टपोरा दिसला पाहिजे. वाइनच्या वेलींना त्याच्या निम्मंही लागत नाही. डॉक्टरिणीने सांगितलं होतं की नत्र जवळजवळ नकोच, पाणी मोजकं, आणि एकदा दाण्यात रंग भरायला लागला की पाणी बंद. वेलीला तहान लागली की ती फांद्या वाढवायचा नाद सोडते आणि सगळा जीव घडात ओतते. दाणा बारीक राहतो, रस घट्ट होतो. दादांची वहीही पंपाशेजारी खिळ्याला टांगलेली होती. त्यात पानापानावर तेच: 'पानं मलूल. पाणी नाही.' 'आज फार मलूल. बघवत नाही. पाणी नाही.' काटेकोरांनी ती वही एकदा वाचली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. नंतर त्यांनी ती उघडली नाही.

त्यांना वाटलं, एकीकडे सरकारी शिक्क्याचा अहवाल, दुसरीकडे कालची पोर. मधोमध शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. पोस्टमास्तरांच्या दारात कुंडीत एक गुलाब होता आणि त्या जोरावर ते शेतीवर बोलायचे. कुंपणावरून वाकून त्यांनी निकाल दिला की पानांचा हिरवेपणा उडालाय, याला नत्रच पाहिजे, यात विचार कसला करायचा. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, माणसाला अशक्तपणात टॉनिक देतो की नाही आपण? तसंच आहे हे. काटेकोरांची बायको म्हणाली, ती मुलगी शिकून आलीय, तिचं ऐका. पण घरच्या माणसाचा सल्ला कोण घेतो?

काटेकोरांनी खतं आणली. एक कॅल्शियमचं, एक गंधकाचं. दोन्ही ग्रॅमवर मोजली. इतकी नेमकी की त्या तराजूला स्वतःची लाज वाटावी. मग त्यांनी हिशोब मांडला की दोन खतांसाठी टाकी दोनदा भरायची, पंप दोनदा लावायचा, ही वेळेची उधळपट्टी आहे. त्यांनी दोन्ही एकाच टाकीत ओतली आणि काठीने ढवळलं.

दूध नासावं तसं टाकीतलं पाणी नासलं. पांढरे गोळे तरंगायला लागले. काटेकोरांना वाटलं, विरघळतील. पंप चालू केला. गोळे विरघळले नाहीत, ते नळ्यांतून चौदाही रांगांत गेले आणि प्रत्येक वेलीपाशी पाण्याचा थेंब सोडणारा जो बारीक ड्रिपर असतो, त्याच्या तोंडात जाऊन बसले. संध्याकाळी काटेकोरांनी पाहिलं तर चारशे बारापैकी एकही ड्रिपर टपकत नव्हता. पोस्टमास्तर कुंपणावरून म्हणाले, कॅल्शियम आणि गंधक एकत्र करायचं नसतं, हे मला वाटतं कुठेतरी वाचलं होतं. हे त्यांना सकाळी का आठवलं नाही, असं विचारायचं काटेकोरांच्या जिभेवर आलं होतं.

पुढचे तीन दिवस काटेकोर गुडघ्यांवर होते. हातात बायकोची शिवणाची सुई. एकेक ड्रिपर काढायचा, टोचायचा, फुंकायचा, परत बसवायचा. ऊन मी म्हणत होतं. गल्लीतले लोक येऊन बघून जायचे. पोस्टमास्तरांनी तर खुर्ची आणून कुंपणालगत टाकली आणि यांचं मन रमावं म्हणून पेपर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यात निधन वार्ताही आल्या. औषधवाल्याने गुडघ्यांना लावायला मलम पाठवलं. ते मात्र चांगलं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर ते काटेकोर कसले? ड्रिपर मोकळे झाल्यावर त्यांनी मोजपात्र आणि घड्याळ घेऊन प्रत्येकाचं माप घेतलं. तासाला चार लिटर पाणी द्यायला हवं. सतरा ड्रिपर कमी देत होते. एकतीस वर्षांचा निरीक्षक त्यांच्यात जागा झाला. त्या सतरांना त्यांनी तांबड्या दोऱ्याने बांधलं आणि कुणा बदमाश दुकानदाराबद्दल बोलावं तसे बायकोपाशी म्हणाले, माप मारतात हरामखोर. तिला हसू येत होतं आणि रडूही.

आणि इथून पाणी वाढलं. कारण तीन दिवस वेली कोरड्या राहिल्या होत्या, आपल्या मूर्खपणाने कोरड्या राहिल्या होत्या, ही गोष्ट काटेकोरांना झोपू देईना. त्यांनी भरपाई म्हणून दुप्पट पाणी सोडलं. मग आठवडाभर सोडलं. मग ती सवयच झाली. सकाळी तासभर, दुपारी अर्धा तास. अहवालातलं खत, यावेळी वेगवेगळ्या टाकीत, शेवटच्या ग्रॅमपर्यंत. दाण्यात रंग भरायला लागला तरी पाण्याचा कॉक चालूच. डॉक्टरीण त्या दिवसांत दुसऱ्या गावांच्या बागा बघत होती. तिने फोनवर विचारलं तर काटेकोर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे मॅडम.

आणि व्यवस्थित दिसतही होतं. वेली अशा माजल्या की रांगांमधून चालता येईना. पानं ताटाएवढी. फांद्या तारांवरून पलीकडे उतरल्या. गल्लीतले लोक बघायला यायचे आणि काटेकोर त्यांना मागे हात बांधून फिरवायचे. चमत्कार वगैरे काही नाही, ते म्हणायचे, नियमितपणा आहे. पोस्टमास्तर लोकांना सांगायचे की नत्राची सूचना माझी. वहिनी खिडकीतून बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, यांच्या वेळी एवढं हिरवं कधी नसायचं. काटेकोरांनी ही शाबासकी समजली.

डॉक्टरीण आली ती काढणीला पाच आठवडे राहिले असताना. फाटकातूनच तिचा चेहरा उतरला. पहिल्या रांगेत पानं बाजूला सारून डोकं आत घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलं नाही.

"काका," ती आतूनच म्हणाली, "इथे तर दिवसाढवळ्या अंधार आहे."

मग ती बांधावर बसली आणि टोपी काढून तिने सगळं सांगितलं. दाणे फुगलेत. रस पातळ आहे. घड एवढे दाटलेत की आत बुरशी शिरेल. आज साखर पंधरा आहे, या दिवसांत दादांची अठरा असायची. एकच उपाय: घडांभोवतीची पानं काढा, ऊन आत येऊ द्या आणि आजपासून एक थेंब पाणी देऊ नका. वेली मलूल होतील, होऊ द्या. खालची पानं वाळून गळायला लागली तरच मला फोन करा. हे सांगताना ती रागावली नव्हती. रागावली असती तर काटेकोरांना सोपं गेलं असतं. तिने स्वतःच्या हाताने कॉक बंद केला, तो उघडणार नाही असा काटेकोरांकडून शब्द घेतला आणि जाताना वहिनींना म्हणाली, काकू, अजून गेलेलं नाही, पण आता मन घट्ट करायला हवं.

काटेकोरांनी मन घट्ट केलं. ते चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी दुपारी वेलींनी माना टाकल्या. ताटाएवढी पानं कडेला वळून लोंबायला लागली. काटेकोर घरी जेवायला बसले होते. ते ताटावरून उठले, एक पत्र्याचा डबा घेतला आणि दादांच्या मागच्या अंगणातल्या नळावर भरून घेतला. कॉकला त्यांनी हात लावला नाही, कारण कॉक उघडणार नाही असा त्यांनी शब्द दिला होता. डब्याबद्दल शब्द दिलेला नव्हता. प्रत्येक वेलीला थोडं थोडं. एका रांगेला तीस खेपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी वहिनी अंगणात कपडे काढायला आल्या आणि त्यांना दिसलं की आपला साठी उलटलेला दीर भर उन्हात, घामाने निथळत, डबा घेऊन चोरासारखा रांगेत वाकलाय.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "काय करताय हे?"

काटेकोरांच्या हातातला डबा कलंडला. ते तिथेच मातीत बसले. साधी गोष्ट विचारली होती, पण उत्तर द्यायला गेले आणि हुंदका आला. बायकोसमोरसुद्धा ते कधी रडले नव्हते. इस्पितळातही नाही.

इस्पितळात दादांच्या हृदयाचा जोर कमी झाला होता. अंगात पाणी साठत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला आठशे मिलिलिटर, त्यावर घोटभरही नको. मोजायचं काम काटेकोरांनी स्वतःकडे घेतलं. दुसरं कोण घेणार? त्यांनी तक्ता आखला. चहा किती, औषधाबरोबर किती, भातातलं पाणी किती, सगळं. तरी दादांचं वजन रोज वाढत होतं. काटेकोरांचा विश्वास बसेना. त्यांनी इस्पितळाच्या वजनकाट्यावरच संशय घेतला, त्यावर तपासणीचा शिक्का नाही म्हणून तक्रार केली, काटा उघडून दाखवायला लावला. नर्सबाईंनी त्यांना हात जोडले. काटा बरोबर निघाला.

"त्या दिवशी दादाने माझ्याकडे पाणी मागितलं, वहिनी," काटेकोर म्हणाले. "अर्धा घोट दे म्हणाला. ओठ फुटले होते त्याचे. मी त्याला तक्ता दाखवला. म्हटलं, दादा, आजचे आठशे झाले. त्याने तो तक्ता बघितला आणि म्हणाला, बरोबर आहे तुझं. आणि तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी गेला. मी माझ्या भावाला तक्ता दाखवला."

वहिनी त्यांच्यासमोर मातीतच बसल्या. हातातले कपडे मांडीवर.

"तुम्ही जेवायला घरी जायचात ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी द्यायचे. पेल्याने. रोज. हे डोळ्यांनी मागायचे आणि मला नाही म्हणवायचं नाही. तुमच्या तक्त्यात ते कधी आलं नाही. तुम्ही त्या काट्याशी भांडत होता, तेव्हा मी दाराशी उभी होते. वाटायचं, सांगून टाकावं. नाही सांगितलं. हे गेले ते माझ्या हातच्या पाण्याने, असंच मी इतके दिवस धरून बसलेय."

राग येईल असं काटेकोरांना वाटलं होतं. पण आला तो वेगळाच काहीतरी आनंद, आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटली. दादाला पाणी मिळालं होतं. कुणीतरी दिलं होतं.

"आता मी दिलं म्हणून गेले की तुम्ही दिलं नाही म्हणून झुरले," वहिनी म्हणाल्या, "हे कुठल्या काट्यावर काढायचं, सांगा."



त्यानंतर मात्र वेलींना एक थेंब मिळाला नाही. याला कारण असं की दोघांनी एकमेकांवर पहारा ठेवला. दुपारी बारा ते चार, म्हणजे वेली सगळ्यात जास्त माना टाकतात ती वेळ, दोघं पुढच्या खोलीत मागची खिडकी लावून पत्ते खेळत बसायचे. काटेकोरांची बायकोही यायची. वहिनी पत्त्यांत सर्रास लबाडी करायच्या आणि काटेकोर त्यांना दरवेळी पकडायचे. मधूनच कुणीतरी उठलं की बाकीचे दोघे विचारायचे, कुठे? संध्याकाळी तिघं मिळून पानं काढायचे. पोस्टमास्तरही आले, कुंपण ओलांडून, पहिल्यांदाच सल्ला न देता. त्यांनी चार रांगांची पानं काढली आणि नत्राचा विषय काढला नाही.

साखर चढत होती. सोळा, साडेसतरा, अठरा. एकोणीसला चार दिवस अडली. मग वीस. डॉक्टरीण येऊन बघायची आणि म्हणायची, काका, बघू या. पण घडांत बुरशीचे पांढरे ठिपके दिसायला लागले होते आणि वायनरीचा ट्रक ठरल्या दिवसानंतर दुसऱ्या बागेला जायचा होता. त्यापुढे थांबायची सोय नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळी डॉक्टरिणीने चौदाही रांगांतून दाणे गोळा केले, उन्हाकडचेही आणि सावलीकडचेही. रस काढला. रसाचा एक थेंब दुर्बिणीसारख्या छोट्या नळीच्या काचेवर टाकला. नळी उजेडाकडे धरून डोळा लावला की आत निळ्या-पांढऱ्याची रेघ दिसते, ती ज्या आकड्यावर तेवढी साखर. डॉक्टरिणीने आधी स्वतः बघितलं. मग नळी पुसली, पुन्हा थेंब टाकला आणि पुन्हा बघितलं. मग तिने नळी काटेकोरांकडे दिली आणि वहीत तारीख टाकायला घेतली.

"आज माझे डोळे दुखतायत," वहीतून मान वर न करता ती म्हणाली. "तुम्ही वाचा, काका. तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

काटेकोरांनी डोळा लावला. रेघ साडेवीसवर होती. केसाएवढीही इकडेतिकडे नव्हती. आयुष्यात त्यांनी लाखभर मापं वाचली असतील. त्यातलं एकही खोटं वाचलं नव्हतं. ना साहेबांच्या दबावाने, ना कुणाच्या रडण्याने. त्यांना शेजारी उभ्या असलेल्या वहिनी दिसत नव्हत्या, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बावीस," काटेकोर म्हणाले.

डॉक्टरिणीने लिहिलं. ट्रकवाल्याने रिकाम्या करंड्या उतरवायला सुरुवात केली. वहिनींनी हात पुढे केला आणि त्यांच्या हातातली नळी घेतली. अठरा वर्षं त्यांनी नवऱ्याच्या शेजारी उभं राहून हे बघितलेलं होतं. त्यांनी उजेडाकडे तोंड केलं, एक डोळा मिटला.

"साडेवीस," त्या म्हणाल्या. "खोडा ते, बाई."

"वहिनी, अहो," काटेकोर म्हणाले.

"वायनरीत पिंपावर यांचं नाव लिहितात, भावजी. अठरा वर्षं लिहिलंय. या पातळ रसावर यांचं नाव मी लावू देणार नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, हे मी विसरणार नाही. पण खोडा."

डॉक्टरिणीने खोडलं. ट्रकवाल्याने करंड्या परत चढवल्या. त्याला कशाचं काहीच कळलं नाही. ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिघं फाटकात उभे होते. मग डॉक्टरीण वहिनींच्या पाया पडल्यासारखी वाकली, पण पडली नाही, आणि गाडीत बसून निघून गेली.

काटेकोर बांधावर बसले. "माझ्यामुळे झालं," ते म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही, आणि काटेकोरांना त्याचंच बरं वाटलं. "संध्याकाळी मुलीला फोन करते. तिला सांगते, पडदे काढून टाक. मला खिडकी उघडी लागते."

ऊन चढायला लागलं होतं. चारशे बारा वेली, घडांसकट, माना टाकून उभ्या होत्या. वहिनी पहिल्या रांगेपर्यंत गेल्या, एक पान बोटात धरून बघितलं आणि मागे वळल्या.

"आता कशाला यांना कोरडं ठेवायचं, भावजी? पाणी सोडा."

काटेकोर उठले. पंपापाशी गेले. कॉकवर हात ठेवला आणि सवयीने विचारलं, "किती सोडू?"

"मागतील तेवढं," वहिनी म्हणाल्या.

काटेकोरांनी कॉक पूर्ण फिरवला.